यार्डातली चावी

आमची गाडी चोरणाऱ्या माणसाने जाताना माझ्या वडिलांचा जेवणाचा डबा घासून ठेवला होता. घोंगडीची नीट घडी, घडीवर डबा, आणि हे सगळं साखर कारखान्याच्या गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, मालकाला देण्यासाठी सोपवलेलं. गाडी गेल्याचं दुःख मला आता कुणालाही सरळ सांगता येतं. त्या घासलेल्या डब्याचं मात्र अजून कुणाला नीट सांगता येत नाही. चोराने चोरासारखं वागावं. काच फोडावी, कुलूप तोडावं, म्हणजे आपल्याला त्याच्या नावाने बोटं तरी मोडता येतात. ह्याने आमची तीही सोय ठेवली नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. कारखान्याचं अख्खं यार्डही त्यांना दादाच म्हणतं. आमचं गाव नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरड्या भागात. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला निघतं. दादांनी तरुणपणी कोयता धरला, मग कुणाच्या तरी गाडीवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर, आणि केस पिकायला लागल्यावर एका जुन्या ट्रकचे मालक. हंगामात गावच्या टोळीने तोडलेला ऊस फडातून भरायचा आणि कालव्याच्या पट्ट्यातल्या कारखान्यावर नेऊन टाकायचा, हा त्यांचा धंदा. गाडीच्या पुढे काळी बाहुली, लिंबू-मिरची, घोड्याची नाल, सगळा बंदोबस्त. केबिनला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा.

कारखान्यावर गाडी पोचली म्हणजे काम झालं, असं नसतं. तिथे मोठं यार्ड असतं आणि यार्डात रांग. ट्रक, ट्रॅक्टर, सगळे एकामागे एक उभे. पुढे गव्हाणीत, म्हणजे कारखान्याच्या ऊस टाकायच्या तोंडाशी, एक गाडी खाली झाली की मागच्या सगळ्यांनी एक-एक गाडीभर पुढे सरकायचं. कधी भराभर, कधी अर्धा दिवस हालचाल नाही. आता ह्यात ड्रायव्हरने जेवायचं कधी, झोपायचं कधी? म्हणून यार्डाचा एक नियम ठरून गेलेला. गाडी रांगेत लावली की चावी गाडीतच ठेवायची. मालक झोपलेला असो, चहाला गेलेला असो, रांग हलली की जो जागा असेल त्याने चढायचं आणि त्याची गाडी पुढे घ्यायची. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणी कुणाचे आभार मानायचे नाहीत.

दादा ह्या नियमाचे न्यायाधीश. त्यांना झोप कमी, त्यामुळे दुसऱ्यांच्या गाड्या पुढे घेण्यात त्यांचा निम्मा हंगाम जायचा. एकाच्या गाडीतून उतरायचे, दुसऱ्याच्या गाडीत चढायचे. कुणाच्या गाडीचा क्लच कडक, कुणाचा ब्रेक दोनदा दाबावा लागतो, हे त्यांना त्या त्या मालकाइतकं माहीत. एकदा एक नवा ड्रायव्हर चावी खिशात घालून झाडाखाली झोपला आणि रांग खोळंबली. लोकांनी त्याला उठवलं नाही. त्याची केबिन उसाच्या पाचटाने गच्च भरून ठेवली आणि त्याची गाडी बाजूने ओलांडून पुढे गेले. दादा तो किस्सा दर वर्षी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "चावी काढनारा मानूस आपला न्हाई."

मी हे ऐकत मोठी झाले. पण मी नोकरीला लागले सुप्याच्या एमआयडीसीत, आणि तिथे जग निराळं. आमच्या कंपनीत माल घेऊन येणारी प्रत्येक गाडी गेटवर तपासली जाते, चाकाला अडण लागते, ड्रायव्हर चावी गळ्यात अडकवून फिरतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाचा पिकअप तर भर दुपारी, तो दाढी करायला बसला असताना न्हाव्याच्या दुकानासमोरून गेला. गालाला साबण तसाच घेऊन तो रस्त्यावर धावला होता. त्या दिवसापासून मला आमचीच गाडी डोळ्यांपुढे दिसायला लागली. मी घरी गेले की दादांच्या मागे लागायची. चावी काढा, चावी काढा. आई म्हणायची, ह्या पोरीचा धोशा म्हणजे जात्याची घरघर, पीठ पडो न पडो, आवाज चालू.

चावी काढायला दादा तयार झाले नाहीत. शेवटी मी मधला मार्ग काढला. दसऱ्याला गाडीची पूजा होते, त्याच्या आधी वायरमनकडून चोरस्विच बसवून घेतला. ड्रायव्हरच्या सीटखाली, आत, हाताला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असा. तो बंद असला की चावी कितीही फिरवा, इंजिन मुकं. दादांना ते एवढं आवडलं की लहान मुलासारखं त्यांनी दिवसभर स्विच खाली-वर करून पाहिला. आईला बसवून चावी फिरवायला लावली आणि गाडी चालू होत नाही म्हणून स्वतःच हसले. मी सुप्याला परत आले ती निर्धास्त होऊन. मनात म्हटलं, आता खुशाल ठेवा चावी.

संक्रांतीला सुट्टी मिळाली तशी तिळगुळाचा डबा घेऊन मी सरळ यार्डातच गेले. दादा आमच्या टोळीतल्या माणसांबरोबर कडुनिंबाखाली भाकरी खात बसले होते. गाडी रांगेत. मी बसते न बसते तोच रांग हलली. लांबून एक माणूस आला, आमच्या केबिनचं दार उघडून वर चढला, वाकून सीटखाली हात घातला आणि चावी मारली. गाडी पहिल्या फटक्यात चालू. माझ्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. त्याने गाडी पुढे घेतली, इंजिन बंद केलं, परत वाकून स्विच खाली केला आणि दार हळू लावून उतरला.

मी दादांकडे पाहिलं. ते शांतपणे ठेचा लावून भाकरी खात होते. मी विचारलं, ह्याला स्विच कसा माहीत? तर म्हणाले, समद्यांनाच माहीत हाय. दिवाळीनंतर गाडी यार्डात आली त्याच दिवशी त्यांनी रांगेतल्या एकूण एक ड्रायव्हरला हाताला धरून केबिनमध्ये नेलं होतं आणि स्विच कुठे आहे, कसा दाबायचा, हे दाखवलं होतं. नवा कुणी आला की त्यालाही. एखाद्याला सापडला नाही तर त्याची बोटं स्वतः तिथे नेऊन ठेवायची.

"सांगितलं न्हाई तर गाडी म्होरं कशी घेतील?" ते म्हणाले.

मी म्हटलं, मग बसवला कशाला तो स्विच? तर म्हणाले, चोरासाठी. चोराला कुठं माहीत हाय?

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. मी आवाज चढवला. टोळीतल्या बाया भाकरी थापायच्या थांबल्या. मी दादांना सगळ्यांच्या देखत बोलले. ते मान खाली घालून ठेच्यातली मिरची बाजूला करत राहिले. तेवढ्यात गाडी पुढे घेणारा तो माणूस आमच्यापाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा, अंगाने बारीक, स्वच्छ शर्ट, कपाळाला बुक्का. यार्डात त्याला सगळे पाव्हणा म्हणत. बदली ड्रायव्हर म्हणून काम शोधत आलो आहे असं त्याने सांगितलं होतं, आणि काम मिळेपर्यंत लोकांच्या गाड्या पुढे घ्यायचा, कुणाला चाक बदलायला हात द्यायचा, कुणाचं पाणी भरून आणायचा. माझं बोलणं त्याने पुरतं ऐकून घेतलं.

मग दादांना म्हणाला, "ताईंचं खरं हाय, दादा. असं कुनालाबी दावू नये. दिवस चांगले न्हाईत."

मला त्याचं इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. म्हटलं, एवढ्या यार्डात एक तरी शहाणा आहे. मी त्याच्या हातावर दोन हातांनी तिळगूळ ठेवला आणि त्याने तो कपाळाला लावून खाल्ला.

पुढे होळी जवळ आली, हंगाम उताराला लागला. दादांना त्या दिवशी ताप होता. फडातून गाडी भरून आणली, रांगेत लावली आणि ते कडुनिंबाखाली आडवे झाले. अंगात थंडी भरली म्हणून घोंगडी आणायला उठत होते तर पाव्हणा म्हणाला, तुमी पडा, मी बघतो. त्याने स्वतःच्या अंगावरची चादर दादांवर घातली. गोळी आणून दिली, चहा पाजला. दुपारभर रांग हलत राहिली आणि पाव्हणा आमची गाडी पुढे घेत राहिला. गव्हाणीशी नंबर आला तेव्हा दादा घामाने निथळून गाढ झोपले होते.

त्याने त्यांना उठवलं नाही. ऊस गव्हाणीत खाली केला. रिकामी गाडी काट्यावर नेऊन वजन केलं. गाडीच्या हौदातलं पाचट झाडून काढलं, गेटावरच्या वॉचमनला हात केला आणि बाहेर पडला. टपरीवाल्या बाईच्या नळावर डबा घासला, घोंगडी झटकून घडी घातली, वजनाची पावती डब्याखाली ठेवली. बाईला म्हणाला, दादा उठले की द्या, मी पंक्चर काढून आलोच.

दादा उठले ते दिवस कलताना. बाईने सामान हातात दिलं. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि म्हणे हसले. किती गुनाचा मानूस, डबाबी घासून ठिवला. आणि वाट बघत बसले. बाकीच्या ड्रायव्हरांच्या मनात पाल चुकचुकली. एक जण जाऊन रस्त्यावरची पंक्चरची सगळी दुकानं बघून आला. गाडी कुठेच नव्हती. पोलिसांना कळवू म्हणाले तर दादा त्यांच्यावरच तापले. एका माणसाने दिवसभर तुमच्यासाठी राबावं आणि तुम्ही त्याच्यावर पोलीस घालावेत? गर्दी असेल दुकानात. लांबच्या दुकानात गेला असेल. गेटाबाहेर दगडावर, पाव्हण्याची चादर अंगावर घेऊन, ते रस्त्याकडे बघत बसले. आमच्या टोळीतल्या चुलत्याने शेवटी त्यांच्या नकळत मला फोन केला.

मी कंपनीतून तशीच निघाले, नगरहून पुढची एसटी धरली. वाटेत मला आधी राग आला. मी सांगत होते, घसा कोरडा करून सांगत होते. काय काय बोलायचं ते सगळं मी एसटीत जुळवून ठेवलं होतं. पण गेटाशी उतरले आणि दादा दिसले. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर. मला बघून म्हणाले, "आगं, तू कशाला आली? येतोय त्यो." मी त्यांच्याशेजारी दगडावर बसले.

पोलीस ठाण्यात हवालदार सज्जन होते. त्यांनी शांतपणे एकेक विचारलं. चावी कुठे होती? गाडीत. नेहमी गाडीतच? व्हय, समद्यांच्याच असत्यात. काही लॉक, स्विच वगैरे? हाय की, सीटखाली चोरस्विच हाय. हवालदारांनी मान वर केली.

"मग त्याला गाडी चालू कशी करता आली?"

दादा माझ्याकडे बघत नव्हते. "त्याला म्याच दावला. सापडना म्हनून बोट धरून दावला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं काही ऐकलं नसावं. मी भिंतीकडे पाहत होते आणि मला तो वाकून सीटखाली हात घालणारा माणूस दिसत होता. त्यानेच मला सांगितलं होतं की माझं खरं आहे. मी त्याला तिळगूळ दिला होता, गोड बोला म्हणून. तो गोडच बोलला होता. मी ठाण्याच्या बाहेर येऊन उभी राहिले.

आई रडली नाही. चुलीपुढे बसून एवढंच म्हणाली, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि मग दादांना गरम पाणी काढून दिलं. त्यांचा ताप उतरला पण त्यांनी बोलणं कमी केलं. गाडी नाही म्हणजे धंदा नाही, हे तर होतंच. पण त्यांना ते खात नव्हतं, हे मला हळूहळू कळलं. ते अधूनमधून विचारायचे, त्याने चादर का दिली असेल? चोराला कुणाच्या तापाचं काय? कधी म्हणायचे, त्याला कुणी धमकी दिली असेल. मी एकदा तडकून म्हटलं, दादा, तो चोर होता. ते म्हणाले, ते मला समजलं गं. पर त्यो मानूस कोन हुता, ते सांग.

गाडी सापडली, हा आमच्या नशिबाचा भाग. पावसाळा उलटल्यावर पोलिसांनी एक फोटो दाखवला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गॅरेजमागे उभी असलेली गाडी, नंबर बदललेला, केबिनला निळा रंग. दादांना ओळखू येईना. आईने फोटो हातात घेतला आणि म्हणाली, पडदा माझ्या लुगड्याचा हाय, काठाला मी पिवळ्या दोऱ्यानं टीप घातलीय. त्या टिपेवरून आमची गाडी घरी आली. माणूस सापडला नाही. त्याने पडदा का काढला नाही, हे दादांचं नवं कोडं झालं.

दिवाळीनंतर कारखान्याचा बॉयलर पेटला आणि दादा परत निघाले. मी ह्या वेळी काहीच बोलले नाही. म्हटलं, एवढं झाल्यावर बोलायची गरज काय? मला सुट्टी होती म्हणून पहिल्या खेपेला मीही गाडीत बसून गेले. यार्डात शिरलो, रांगेत गाडी लावली. दादा उतरले आणि चावी तशीच ठेवून चालायला लागले.

मी थक्क झाले. खाली उडी मारून त्यांचा रस्ता अडवला. चावी, मी म्हटलं. ते म्हणाले, "येका मानसापायी समद्यांना चोर ठरवू व्हय?" मला एवढा राग आला होता की माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी काही बोलणार तोच पुढे रांग हलली. आमच्या पुढच्या गाडीचा ड्रायव्हर कुठे दिसत नव्हता. तो दादांच्या ओळखीचा, कित्येक हंगाम बरोबर काढलेला. दादांनी मला बाजूला केलं, झपाझप चालत त्याच्या गाडीपाशी गेले, दार उघडून वर चढले. आणि तिथेच थांबले. मी खालून बघत होते. त्यांचा हात स्टेअरिंगखाली चावी शोधत होता. चावी नव्हती.

लांबून ओरडा आला. "ए, कोन हाय रं त्यो? उतर खाली." तो ड्रायव्हर टपरीकडून धावत येत होता, हातात चाक खोलायची लोखंडी टामी. जवळ आला, दादांना पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. टामी त्याने चाकाशी टेकवून ठेवली. ओशाळून म्हणाला, दादा, तुमी हाय व्हय, मला वाटलं कोन. दादाही हसल्यासारखं करून म्हणाले, रांग हलली ना, म्हनून चढलो. दोघेही उभे राहिले. मला वाटलं, आता तो चावी देईल. त्याने खिशात हात घातला, चावी मुठीत धरली, आणि दादा उतरण्याची वाट पाहत दार धरून उभा राहिला.

दादा उतरले. एकेक पायरी बघून, म्हाताऱ्या माणसासारखे उतरले. तो वर चढला आणि त्याने आपली गाडी आपण पुढे घेतली. मी रांगेवर नजर टाकली. एकेका गाडीत तिचाच मालक चढत होता. कुणी झोपेतून उठून, कुणी घास टाकून. कुणी कुणाच्या गाडीकडे जात नव्हतं. आमच्या गाडीची गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचली होती आणि सगळे शहाणे झाले होते. मी जे इतकी वर्षं ओरडून सांगत होते, ते यार्डाने ऐकलं होतं. मला वाटायला हवं होतं, बरं झालं. मला रडूच आलं.

दादा आमच्या गाडीत चढले, गाडी पुढे घेतली, इंजिन बंद केलं. मग त्यांनी चावी काढली. काढताना ती भोकात अडकली, इतक्या वर्षांत तिला बाहेर यायची सवयच नव्हती. खाली येऊन त्यांनी सदरा वर केला आणि चावी कंबरेच्या करगोट्याला बांधली. गाठ नीट बसेना, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी माझा हात हळूच बाजूला सारला आणि गाठ स्वतःच मारली.

"तुझं खरं हुतं," ते म्हणाले.

हे शब्द ऐकायला मी किती वर्षं भांडले होते. मला त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. ते कडुनिंबाखाली जाऊन आडवे झाले आणि झोपेतही त्यांचा एक हात कंबरेवर होता. थोड्या वेळाने रांग पुन्हा हलली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, परत वाजवला. कुणी आमच्या गाडीकडे आलं नाही. दादा उठले.